वाचकांचे प्रश्न : रेकॉर्डरचा अलार्म आणि मेमरी कार्ड

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. लाइट जायला लागते, पॅनेलात ओल धरते, आणि वर्षभर कुणी न पाहिलेल्या यंत्राची अचानक आठवण होते. या खेपेला डेटा रेकॉर्डरबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. तापमान, दाब, प्रवाह यांची सतत नोंद ठेवणारं हे यंत्र पूर्वी कागदाच्या गुंडाळीवर शाईच्या पेनने रेघा काढायचं. आता पडदा आणि मेमरी कार्ड आलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या टेबलावर दुरुस्तीला येणाऱ्या रेकॉर्डरपैकी कितीतरी मुळात धडधाकट असतात, फक्त त्यांचं सेटिंग घाईत उरकलेलं असतं.

प्रश्न : मॅडम, आमच्या कार्बुरायझिंग (पोलादाच्या वरच्या थरात कार्बन मुरवणाऱ्या) भट्टीचं सेटिंग ९२५ अंशाचं आहे. नवा पेपरलेस रेकॉर्डर बसवला, हाय अलार्म ९३० ला आणि लो ९२० ला लावला. हूटर दिवसभर वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. रात्रपाळीच्या पोरांनी शेवटी हूटरची वायरच काढून ठेवली. त्यांच्यावर कारवाई करावी का?
(हीट ट्रीटमेंट शॉपचे सुपरवायझर, शिरोली एमआयडीसी)

उत्तर : कारवाई करू नका. सारखा वाजणारा आणि वाजल्यावर काहीच करायचं नसतं असा हूटर कुणीही बंद करेल. आठ तास त्या आवाजाखाली उभं राहणं सोपं नाही. पण वायर आजच्या आज जोडून घ्या आणि सेटिंग बदला, कारण खरा धोका येईल त्या रात्रीही ती सुटलेलीच असेल.

तुमची भट्टी ९२५ च्या आजूबाजूला चार-पाच अंश वरखाली होते. हीटर चालू-बंद होताना तेवढं व्हायचंच. तुम्ही अलार्मची रेघ नेमकी त्या वरखालीच्या काठावर मारली आहे. ९३० हा आकडा कुठून आणला, हे स्वतःला विचारा. बहुतेकदा तो 'सेटिंग अधिक पाच' असा सहज घातलेला असतो. मर्यादा ठरते ती जॉबवरून. किती वर गेलं की पोलादाचा दाणा मोठा होऊ लागतो, किती खाली राहिलं की केस डेप्थ, म्हणजे कडक थराची जाडी, कमी पडते, हे मेटलर्जिस्टला विचारा आणि ग्राहकाने दिलेली मुभा पाहा. समजा ग्राहकाने अधिक-उणे १० अंश दिले आहेत. मग ९३२ ला फक्त पिवळा दिवा लावा आणि ९३५ ला हूटर.

त्यानंतर हिस्टेरिसिस. काही मेनूत त्याला डेडबँड म्हणतात. अलार्म ९३५ ला लागला आणि हिस्टेरिसिस २ ठेवला, तर तो ९३३ च्या खाली आल्याशिवाय सुटत नाही. कारखान्यातून आलेल्या रेकॉर्डरमध्ये हा आकडा शून्य असेल, तर ९३४.९ आणि ९३५.१ मध्ये रिले (अलार्मवर हूटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच) टकटक करत राहतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट जळतात. तिसरी गोष्ट डिले. टनभर माल असलेली भट्टी अर्ध्या मिनिटात बिघडत नाही. ३० सेकंदांचा डिले दिलात तर वेल्डिंग मशीनच्या झटक्याने उडी मारलेला एखादा आकडा हूटरपर्यंत पोचणार नाही.

चार्ज (माल) घालताना दार उघडलं की तापमान कोसळतं आणि लो अलार्म वाजू लागतो. तो बंद करायला कुणाला धावायला लावू नका. बहुतेक रेकॉर्डरना डिजिटल इनपुट (बाहेरचा स्विच चालू की बंद ते ओळखणाऱ्या जोडण्या) असतात. 'सोक सुरू', म्हणजे माल ठरल्या तापमानावर मुरत ठेवणं सुरू, झाल्याचा कॉन्टॅक्ट तिथे आणा आणि लो अलार्म फक्त तेवढ्या काळापुरता जागा ठेवा.

आता माझा आग्रह सांगते. अलार्म लावण्याआधी कागदावर दोन रकाने आखा: हा वाजला तर कोण येणार, आणि येऊन काय करणार. दुसरा रकाना रिकामा राहिला तर त्या अलार्मला हूटर जोडू नका, त्याची नुसती नोंद होऊ द्या. हे करायला बसलं की सहा चॅनेलवर (मोजमापाच्या वाहिन्यांवर) प्रत्येकी चार याप्रमाणे लावलेल्या चोवीस अलार्मपैकी बरेचसे गळून जातात. उरलेले वाजतात तेव्हा माणसं खरंच उठतात.

तुमच्या पत्रात नसलेल्या तीन गोष्टीही लिहिते. माझ्या मते त्या हूटरच्या कटकटीपेक्षा मोठ्या आहेत.

पहिली बर्नआउटची. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तारांची जोडी, तुटलं तर रेकॉर्डरने आकडा वर न्यायचा की खाली, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. भट्टीसाठी 'वर' ठेवा, म्हणजे वायर तुटताच हाय अलार्म लागेल. हेच सेटिंग हीटर चालू-बंद करणाऱ्या कंट्रोलरवरही तपासा. तिथे ते 'खाली' असेल, तर तुटलेलं थर्मोकपल कंट्रोलरला भट्टी थंड असल्याचं सांगतं आणि हीटर चालूच राहतात.

दुसरी रिलेची. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये अलार्म लागल्यावर रिलेला वीज द्यायची की काढून घ्यायची, हे निवडता येतं. वीज काढून घेणारी पद्धत निवडा. मग रेकॉर्डर बंद पडला, त्याचा फ्यूज उडाला, वायर सुटली, तरी अलार्म वाजतो. हूटरची वीज मात्र वेगळ्या बॅटरीवरून घ्या. आणि रेकॉर्डरच्या इवल्याशा रिलेवर मोठ्या कॉन्टॅक्टरची (जास्त वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचची) कॉइल थेट जोडू नका, मध्ये दुसरा रिले टाका. कॉन्टॅक्ट चिकटून बसला, तर पडद्यावर लाल दिसतं आणि बाहेर काहीच होत नाही.

तिसरी गोष्ट थर्मोकपलच्या वयाची. तुमच्याकडे के टाइप जातीचं थर्मोकपल असणार. कार्बुरायझिंग भट्टीत ऑक्सिजन फार कमी असतो. अशा हवेत साधारण ८०० ते १०५० अंशांच्या दरम्यान त्याच्या क्रोमेल तारेतलं क्रोमियम निवडून गंजतं आणि तार हिरवट पडते. याला ग्रीन रॉट म्हणतात. असं थर्मोकपल खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतं. ते 'कमी' पाहून कंट्रोलर आणखी तापवतो, आणि त्याच थर्मोकपलवर लावलेला हाय अलार्म गप्प राहतो, कारण त्याच्या लेखी सगळं ९२५ आहे. म्हणून रेकॉर्डरला स्वतंत्र थर्मोकपल द्या आणि ते व कंट्रोलरचं, या दोन्हींतल्या फरकावर अलार्म लावा. फरक पाच-सहा अंशांपलीकडे गेला की दिवसपाळीत तपासणी करायची. हा अलार्म क्वचित वाजतो, पण मला विचाराल तर तुमच्या शॉपमधला सर्वात मोलाचा तोच आहे.

आणि रेकॉर्डरच्या भरवशावर भट्टीची सुरक्षा सोडू नका. अतितापमानाला वीज तोडणारा वेगळा लिमिट कंट्रोलर हवा. त्याला त्याचं स्वतःचं थर्मोकपल हवं आणि हाताने रीसेट केल्याशिवाय त्याने सुटता कामा नये.

प्रश्न : आमच्या संस्थेत बल्क कूलर आहे. दूध ४ अंशांवर राहावं म्हणून ५ ला अलार्म लावला. सकाळ-संध्याकाळ संकलनाच्या वेळी तो हमखास वाजतो. सभासद विचारतात, दूध खराब झालं काय? पाश्चरायझरवरही असाच अलार्म लावायचा विचार आहे.
(दूध संस्थेचे सचिव, करवीर तालुका)

उत्तर : धारेचं कोमट दूध टाकीत ओतल्यावर तापमान चढणारच. तुम्हाला जाणून घ्यायचंय ते हे, की चढलेलं तापमान ठरल्या वेळात उतरतं का. तुमची टाकी भरल्यानंतर दूध ४ अंशांवर आणायला किती वेळ घेते, ते आठवडाभराच्या नोंदीतून काढा. त्याहून थोडा जास्त डिले अलार्मला द्या. मग संकलनात तो गप्प राहील आणि कॉम्प्रेसर बंद पडलेला असेल तेव्हाच वाजेल. डिलेची मर्यादा रेकॉर्डरमध्ये कमी असेल, तर संकलनाच्या वेळेपुरता अलार्म झोपवणारा टायमर लावा. पण पहाटे दोनला लाइट गेली तर कोण येणार? संस्थेला कुलूप असतं, हूटर भिंतींना ऐकू येतो. तुम्हाला मोबाइलवर संदेश पाठवणारं जीएसएम युनिट रिलेला जोडावं लागेल, तेही बॅटरीवर. दोघांचे नंबर घाला, एकाचा फोन बंद असू शकतो. जनरेटर सुरू करता येणारा माणूस त्या दोघांत असलाच पाहिजे.

पाश्चरायझरची गोष्ट अगदी वेगळी. तिथे दूध ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवायचं असतं. तापमान कमी पडलं तर कच्चं दूध पुढे जाऊ न देता मागे वळवण्याचं काम फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्हचं. ते त्याने तत्क्षणी, स्वतःहून करायचं, त्याला डिले अजिबात नको. रेकॉर्डर तिथे साक्षीदार असतो. पण साक्षीदाराने डोळे उघडे ठेवायला हवेत. मिनिटाला एक नोंद ठेवलीत, तर २० सेकंदांसाठी ७० अंशांपर्यंत घसरलेलं तापमान दोन नोंदींच्या मधून निसटून जाईल आणि ग्राफ सरळ दिसेल. तिथे दर सेकंदाला नोंद ठेवा. त्या व्हॉल्व्हची स्थितीही एका चॅनेलवर घ्या, म्हणजे तापमान पडलं तेव्हा दूध खरंच वळलं का, हे एकाच ग्राफवर दिसेल. गावातली लेकरं हे दूध पितात. तिथे मेमरीची काटकसर करू नका.

प्रश्न : ग्राहकाचे ऑडिटर आले आणि त्यांनी मार्चमधल्या एका लॉटचा ग्राफ मागितला. रेकॉर्डरचं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं, तर त्यात शेवटच्या थोड्या दिवसांच्याच फायली. कार्ड पहिल्या दिवसापासून आत होतं. बाकीचा डेटा कुठे गेला?
(क्वालिटी विभागातील वाचक, गोकुळ शिरगाव)

उत्तर : सर्वात आधी, ते कार्ड परत रेकॉर्डरमध्ये घालू नका आणि फॉरमॅट तर मुळीच करू नका. त्याच्या कडेची बारीक कळ 'लॉक'कडे सरकवा आणि सगळ्या फायली कॉपी करून घ्या. त्यानंतर दुसरं रिकामं कार्ड घालून रेकॉर्डरची आतली मेमरी त्यावर उतरवा. कार्डावर नसलेले दिवस तिथे सापडण्याची शक्यता आहे. हे होईपर्यंत चॅनेलच्या सेटिंगला हात लावू नका. काही रेकॉर्डरमध्ये चॅनेल किंवा नोंदीचा वेग बदलला की आतली मेमरी पुसली जाते.

आता कारण. कार्ड भरलं की पुढे काय करायचं, याचे दोन पर्याय सेटिंगमध्ये असतात. एकात सर्वात जुनी फाइल पुसून नवी लिहिली जाते, दुसऱ्यात लिहिणं थांबतं. तुमच्याकडे शेवटचे दिवस उरलेत, म्हणजे पहिला पर्याय निवडलेला दिसतो. शेवटचे दिवस गायब असते तर दुसरा म्हटला असता. यात बरोबर पर्याय कोणता, हे नोंद कुणाला दाखवायची आहे त्यावर ठरतं. बॉयलरचा रोजचा अंदाज घ्यायचा असेल तर जुनं पुसलं तरी चालेल. ग्राहक मागचा लॉट मागणार असेल तर लिहिणं थांबू द्या, पण मग कार्ड भरत आल्याचा अलार्म लावलाच पाहिजे. 'मेमरी एंड' किंवा अशाच नावाने तो असतो, आणि मी पाहिलेल्या कितीतरी पॅनेलांत तो कुठल्याच रिलेला जोडलेला नसतो. तो क्वालिटीच्या टेबलावरच्या दिव्याला जोडा. भट्टीवरच्या ऑपरेटरला त्या दिव्याचं काही करता येत नाही.

दुसरी समजून घ्यायची गोष्ट म्हणजे, पडद्यावर दिसणारी रेघ त्याच क्षणी कार्डावर गेलेली असते असं नाही. बरेच रेकॉर्डर आधी आतल्या मेमरीत लिहितात आणि ठरावीक वेळाने, किंवा फाइल बंद झाली की, कार्डावर उतरवतात. फाइलची लांबी आठवड्याची ठेवली असेल, तर बुधवारी काढलेल्या कार्डावर सोमवार-मंगळवार नसतील. फाइल रोजची ठेवा. कार्ड काढायचं ते मेनूतून 'मीडिया काढा' किंवा 'सेव्ह थांबवा' देऊन, दिवा विझल्यावरच. लिहिणं चालू असताना ओढलं तर चालू फाइल जाते, कधीकधी कार्डाची यादीच बिघडते. जुन्या रेकॉर्डरमध्ये कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड असतं. त्याच्या खाचेत ५० बारीक पिना असतात. कार्ड तिरकं दाबलं तर पिन वाकते आणि मग नवं कार्ड आणूनही उपयोग होत नाही.

दोन कार्डं ठेवा. दर सोमवारी अदलाबदल करायची. काढलेलं कार्ड कॉम्प्युटरला लावून किमान एक फाइल उघडून ग्राफ डोळ्यांनी पाहायचा, मगच तारीख लिहून ठेवायचं. नुसती कॉपी झाली म्हणजे फाइल धड आहे, असं समजू नका. परत रेकॉर्डरमध्ये घालताना कडेची कळ 'लॉक'वर राहिलेली नाही ना, तेही पाहा. राहिली तर रेकॉर्डर आठवडाभर काहीच लिहू शकत नाही, आणि हे कळतं ते पुढच्या सोमवारी.

मूळ फायली तशाच जपा. रेकॉर्डरच्या स्वतःच्या स्वरूपातली फाइल सहसा बदलता येत नाही किंवा बदलली तर ते उघडकीस येतं, म्हणून ऑडिटर तीच मागतात. एक्सेलची प्रत फक्त तुमच्या अभ्यासासाठी. आणि एक प्रत कारखान्याबाहेर हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं, रस्ता बंद झाला. तुमचं गोकुळ शिरगाव उंचावर आहे हे खरं, पण ऑफिसात पाणी शिरायला छपराची एक फट पुरते.

ऑडिटरला मात्र सरळ सांगा की त्या लॉटची नोंद मिळत नाही, कारण हे, आणि आता ही व्यवस्था केली आहे. दुसऱ्या लॉटचा ग्राफ त्या जागी लावण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या जॉबचा नमुना शिल्लक असेल तर हार्डनेस आणि केस डेप्थ पुन्हा तपासून तो अहवाल द्या.

प्रश्न : सहा चॅनेल, दर सेकंदाला नोंद. ६४ जीबीचं कार्ड पुरेल का? दुकानदार १२८ घ्या म्हणतो.
(फाउंड्रीतील मेंटेनन्स फिटर, कागल)

उत्तर : हिशेब करू. एका नोंदीला साधारण ४ बाइट धरा. ६ गुणिले ४ गुणिले दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे २० लाख ७३ हजार बाइट. दिवसाला जेमतेम २ एमबी. कमाल-किमान दोन्ही साठवत असाल तर ४ एमबी. वर्षाला फार तर दीड जीबी. ६४ ची गरजच नाही, आणि बहुधा ते चालणारही नाही. ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी कार्डं फॅट-३२ पद्धतीने मांडलेली असतात, त्याहून मोठी एक्सफॅटने, आणि बऱ्याच रेकॉर्डरना एक्सफॅट वाचता येत नाही. फार जुन्यांना तर २ जीबीच्या वरचं कार्डच कळत नाही. पुस्तिकेत दिलेली मर्यादा पाहा, त्यात बसणारं औद्योगिक दर्जाचं कार्ड घ्या. ते उणे ४० ते ८५ अंशांपर्यंत चालतं आणि पुनःपुन्हा लिहिणं जास्त सोसतं. फॉरमॅट रेकॉर्डरमध्येच करा. स्वस्तातल्या नकली कार्डांवर ३२ लिहिलेलं असतं आणि आत खरी जागा ८ ची असते. त्यापुढचं लिहिलेलं सगळं हरवतं. नवं कार्ड आणलं की एकदा पूर्ण भरून, परत वाचून पाहा. फाउंड्रीतली काळी धूळ वीज वाहून नेते, तेव्हा कार्डाच्या खाचेचं झाकण उघडं ठेवू नका.

प्रश्न : आमच्या रेकॉर्डरची वेळ मार्चमध्ये अचानक एक तासाने पुढे गेली. बॅटरी गेली का?
(साखर कारखान्यातील इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन)

उत्तर : बॅटरी गेली असती तर लाइट जाऊन आल्यावर तारीखच जुनीपुराणी दिसली असती. नेमका एक तास म्हणजे डेलाइट सेव्हिंगचं सेटिंग चालू राहिलं आहे. काही देशांत उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात. मेनूत ते बंद करा आणि वेळेचा पट्टा ५ तास ३० मिनिटं पुढे, असा ठेवा. मार्चपासूनच्या फायलींची वेळ बदलत बसू नका. लॉगबुकात तारीख घालून फरक लिहून ठेवा आणि सही करा. एक मात्र पाहा, तासाने पुढे असलेल्या घड्याळावर तुमची टायमरची कामंही चालली असतील.

प्रश्न : अलार्मची मर्यादा बदलण्याचा पासवर्ड ऑपरेटरला द्यावा का?
(लघुउद्योजक, शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : मर्यादेचा देऊ नका, अलार्म पाहिल्याची पोच देण्याचा जरूर द्या, आणि प्रत्येकाला वेगळा. पोच दिली म्हणजे 'मी पाहिलं' इतकंच, बिघाड मिटला असं नाही, हे नीट समजावून सांगा. अलार्म लॅच करून ठेवा, म्हणजे रात्री लागून आपोआप सुटलेला अलार्मही सकाळी पडद्यावर दिसेल. मर्यादा बदलायची तर ऑपरेटरने मागावी, तुम्ही बदलावी, आणि जुना आकडा, नवा आकडा, कारण हे सगळं पॅनेलच्या दारात टांगलेल्या वहीत लिहावं. रेकॉर्डर स्वतः अशी नोंद ठेवत असला तरी कारण त्याला लिहिता येत नाही. ऑपरेटर मर्यादा बदलून मागत असेल तर त्याचं म्हणणं पूर्ण ऐकून घ्या. भट्टीपाशी तो उभा असतो.